जुन्या सेसना १७२ विमानाच्या एडींचा (सक्तीच्या सुरक्षा आदेशांचा) हिशोब: सुरुवात कुठून करू?

गोदाकाठची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

मी नाशिकची, सातपूरला राहते. एएमईचा (विमान देखभाल अभियंत्याचा) कोर्स झालाय, बी१.२ चे (पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठीचे) पेपर सुटलेत, लायसन्स अजून हातात पडायचंय. माझ्या मामाने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून गेल्या दिवाळीत एक सेसना १७२एम घेतली. १९७५ ची आहे. विमान धुळ्याच्या धावपट्टीवर एका शेडमध्ये उभं असतं. मामा महिन्यातून दोनदा चांदवड, मालेगाव करत गाडीने जातो, तास-दीड तास उडवतो आणि परत येतो. पावसाळ्यात तर सलग तीन महिने विमान जागचं हललंच नाही.

एअरवर्दिनेस रिव्ह्यू (विमान उडण्यायोग्य आहे का याची ठरावीक मुदतीची तपासणी) दोन महिन्यांवर आलाय. कॅमो (विमानाच्या उड्डाणयोग्यतेचा हिशोब सांभाळणारी मान्यताप्राप्त संस्था) दुसऱ्या शहरातली आहे. त्यांचा मेल आला की सगळ्या एडींचं (एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे विमानात किंवा भागात दोष सापडला की निघणारा सक्तीचा आदेश) स्टेटस पुराव्यासकट पाठवा. मामा म्हणाला, "तू शिकलीयस ना त्यातलं, बघ बरं जरा." आणि एक पत्र्याची ट्रंक माझ्या खोलीत आणून ठेवली.

ट्रंकेत एअरफ्रेमची दोन लॉगबुकं, इंजिनची दोन, प्रोपेलरचं एक, बिलांच्या फायली आणि आधीच्या मालकाने दिलेली एक एक्सेल शीट आहे. शीटमध्ये ४३ ओळी. प्रत्येक ओळीत एडीचा नंबर आणि त्यापुढे एकच शब्द: 'केलं' किंवा 'लागू नाही'. तारीख नाही, तास नाहीत, कुणाची सही नाही. अमेरिकेच्या विमान नियामकाच्या, एफएएच्या साइटवर जाऊन सेसना १७२एमची यादी काढली तर ती या शीटशी बऱ्यापैकी जुळते. तिथेच थांबावं असं वाटलं होतं.

पण इंजिनच्या लॉगबुकात २००९ सालची नोंद दिसली: दोन्ही मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रं) बदलले. शीटमध्ये मॅग्नेटोची एकही ओळ नाही. तेव्हापासून झोप लागेना.

आणखी तीन गोष्टी अडल्यात. दर वार्षिक तपासणीला लॉगबुकात 'ऑल एडीज कम्प्लाइड विथ' (सगळ्या एडी पूर्ण केल्या) असं एक वाक्य आहे, त्यावर विसंबून चालेल का? मध्ये कधीतरी टॅकोमीटर बदललाय, त्याचा आकडा आणि लॉगबुकातले तास जुळत नाहीत, मग पुढची मुदत कशावरून मोजायची? आणि सेसनाच्या एसआयडी तपासण्या (कंपनीने जुन्या विमानांसाठी सांगितलेल्या जादा तपासण्या) एडींमध्ये धरायच्या का?

कुणी हे काम प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.

---

धावपट्टी

इतकं डोक्याला लावून घेऊ नका. कॅमोला पैसे कशाचे देतो आपण? त्यांच्याकडे सॉफ्टवेअर असतं, मॉडेल टाकलं की यादी येते. एफएएच्या साइटवर ईमेल सबस्क्रिप्शन घ्या, नवीन एडी निघाली की मेल येतो. माझं विमान असंच चाललंय सहा वर्षं.

---

गोदाकाठची

सबस्क्रिप्शन कालच घेतलं, धन्यवाद. पण तो मेल नव्या एडींचा येतो. पन्नास वर्षांत या विमानाला जे जोडलं आणि काढलं ते त्यात कसं कळणार? २००९ चे मॅग्नेटो कॅमोच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी भरलेच नसतील तर?

---

जुना पाना

ताई, तुम्हाला खटकलं ते अगदी बरोबर ठिकाणी खटकलं. ते सोडू नका.

मी एचएएलमध्ये ओझरला मिग-२१ च्या ओव्हरहॉलवर पंचवीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर आठ वर्षं लहान विमानांची टेक्निकल रेकॉर्ड्स सांभाळली. आता गंगापूर रोडला घरीच असतो, त्यामुळे वेळ आहे, सविस्तर लिहितो.

धावपट्टी यांचा मुद्दा आधी घेतो. कॅमो हवीच, तिच्याशिवाय चालणार नाही. पण कार-एममध्ये (भारताचा विमान नियामक डीजीसीए, त्याच्या देखभालीच्या नियमांत) विमानाच्या उड्डाणयोग्यतेची जबाबदारी पहिल्यांदा मालकावर टाकलेली आहे. करार केला की काम कॅमोकडे जातं, पण कुठला भाग काढला आणि कुठला बसवला हे मालकाने कळवलंच नाही तर कॅमो मॉडेलवरूनच यादी काढणार. आणि मॉडेलवरून काढलेली यादी जुन्या विमानाला कधीच पुरत नाही.

कारण एडी मॉडेलला चिकटत नाही, वस्तूला चिकटते. सांगाड्याच्या एडी वेगळ्या, इंजिनच्या वेगळ्या, प्रोपेलरच्या वेगळ्या. आणि चौथा ढीग म्हणजे ॲप्लायन्स: मॅग्नेटो, इग्निशन स्विच, कार्ब्युरेटर, व्हॅक्युम पंप, एअर फिल्टर, सीट बेल्ट. हा चौथा ढीगच लोकांच्या हातून सुटतो. तुमच्या १७२एमचं मूळ इंजिन लायकमिंग ओ-३२०-ई२डी, दीडशे अश्वशक्तीचं. त्याच्या एडी सेसनाच्या नावाखाली सापडणार नाहीत, लायकमिंगच्या नावाखाली शोधाव्या लागतील. आणि नावंही बदलत गेलीत बरं का. लायकमिंग कधी ॲव्को लायकमिंग, कधी टेक्स्ट्रॉन लायकमिंग. बेंडिक्सचे मॅग्नेटो पुढे टेलिडाइन कॉन्टिनेंटलकडे गेले, म्हणून बेंडिक्सची पाटी असलेल्या मॅग्नेटोची एडी टेलिडाइन कॉन्टिनेंटलच्या नावाने निघालेली असते. जुनं आणि नवं, दोन्ही नावांनी शोधायचं.

म्हणून शीट बाजूला ठेवा. टॉर्च, छोटा आरसा, एक फडकं आणि मोबाइल घेऊन धुळ्याला जा. काउलिंग (इंजिनवरचं आवरण) उघडायला एएमईला सोबत घ्या. ज्या ज्या वस्तूवर पाटी आहे तिचा फोटो काढा: कंपनी, पार्ट नंबर, सीरियल नंबर. पाटी तेलकट असेल तर पुसा. वाचता येत नसेल तर अंदाजाने लिहू नका, 'वाचता आली नाही' असंच लिहा. मग घरी बसून प्रत्येक पाटी लॉगबुकाशी ताडून पाहा. लॉगबुक सांगतं काय बसवलं असावं. पाटी सांगते काय बसलंय. दोन्हींत फरक निघाला तर आधी तो मिटवा, एडी नंतर.

आता 'केलं' या शब्दाबद्दल. मला या शब्दाची भीती वाटते, ती का ते सांगतो.

एका विमानाची शंभर तासांची तपासणी चालू होती. बेंडिक्सच्या इग्निशन स्विचची एक जुनी एडी आहे, ७६-०७-१२. नंबर असा वाचायचा: १९७६ साल, त्या वर्षातला सातवा पंधरवडा, त्यातली बारावी. तपासणी दोन मिनिटांची. इंजिन आयडलला ठेवायचं आणि चावी ऑफच्या खाचेतून पुढे, जाईल तिथपर्यंत फिरवायची. इंजिन बंद पडलं तर स्विच ठीक. आम्ही चावी फिरवली आणि इंजिन चालूच राहिलं. म्हणजे चावी ऑफला असतानाही मॅग्नेटो जिवंत राहू शकत होता, नुसता पंखा हाताने फिरवला तरी इंजिन पेटू शकलं असतं. आणि त्या हँगरमधला पोऱ्या रोज सकाळी विमान पुसताना पंखा हाताने फिरवून आडवा करायचा. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. मी लॉगबुक मागे चाळत गेलो तर आधीच्या तिन्ही तपासण्यांपुढे त्या एडीला 'केलं' लिहिलेलं. कुणी केलं, कसं केलं, काही नाही. कदाचित तेव्हा स्विच चांगला असेल, कदाचित चावी कुणी फिरवलीच नसेल. त्या शब्दावरून मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी दुपारचा डबा माझ्याच्याने खाल्ला गेला नाही.

तेव्हा तुमच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला एवढं हवंच: एडीचा पूर्ण नंबर आणि असल्यास आवृत्ती, ती कधीपासून लागू झाली, तुमच्या विमानाला का लागते, कोणत्या परिच्छेदाप्रमाणे किंवा कोणत्या सर्व्हिस बुलेटिनप्रमाणे (उत्पादकाच्या सूचनापत्रकाप्रमाणे) काम केलं, तारीख, विमानाचे किंवा त्या भागाचे तास, कुणाची सही. आणि पुन्हापुन्हा करायची असेल तर पुढची मुदत, तासांतही आणि तारखेतही. 'लागू नाही' लिहिलं तर कारण हवं. 'सीरियल नंबर कक्षेबाहेर' हे कारण झालं. 'बेंडिक्सचा स्विच नाही, एसीएसचा आहे' हेही कारण झालं. पण मग एसीएसच्या स्विचची ९३-०५-०६ उघडून बघावी लागते. एक दार लावलं की शेजारचं उघडतं.

'ऑल एडीज कम्प्लाइड विथ' या वाक्याला पुरावा म्हणून मी शून्य गुण देतो. ज्याने ते लिहिलं तो प्रामाणिक असेलही. पण त्यातून कोणती एडी, कोणत्या पद्धतीने, पुढे कधी, यातलं काहीच कळत नाही. रिव्ह्यूच्या वेळी नेमकं हेच बघतात.

आणखी एक सापळा तुमच्या शीटमध्ये नक्की असणार. सीट रेलची ओळ बघा. ८७-२०-०३ असा नंबर असेल तर ती एडी आता जिवंत नाही, २०११-१०-०९ ने तिची जागा घेतली. सेसनाची सीट रुळावरच्या भोकांत पिन अडकून थांबते. भोकं झिजली, रुळाला तडा गेला की पिन सुटते, टेकऑफला नाक वर झालं की सीट मागे घसरते आणि पायलट तोल सावरायला कंट्रोल धरून ओढतो. यात माणसं गेलीत. म्हणून दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, तपासणी. तुमचे मामा महिन्याला तीन तास उडवतात, त्यांचे शंभर तास व्हायला जवळपास तीन वर्षं लागतील. त्यांना १२ महिन्यांचीच मुदत लागणार. कमी उडणाऱ्या विमानाचे लोक तास बघत बसतात आणि तारीख निघून जाते. हे मी फार वेळा पाहिलंय.

इंजिनचं सांगायचं तर ओव्हरहॉलच्या नोंदीशी ओव्हरहॉल करणाऱ्या शॉपचा एडींचा कागद जोडलेला आहे का, ते ट्रंकेत शोधा. ऑइल पंपाच्या इम्पेलरची (आतल्या फिरत्या चाकाची) ९६-०९-१० सारखी एडी इंजिन उघडल्याशिवाय बाहेरून दिसत नाही. आत कोणता इम्पेलर घातला ते त्या कागदावरच असतं. तसंच क्रँकशाफ्टच्या पोकळीतल्या गंजाची ९८-०२-०८, ती फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रोपेलरच्या काही लायकमिंग इंजिनांसाठी आहे, तुमच्या इंजिनाला लागते का ते मजकुरात बघा. पावसाळाभर उभं राहिलेलं विमान म्हणालात म्हणून मुद्दाम आठवण केली. कागद सापडला नाही तर शॉपला पत्र लिहा, त्यांच्याकडे जुन्या वर्क ऑर्डर असू शकतात.

मॅग्नेटोचं २००९ चं प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. आधी पाटी वाचा, मग बोलू.

तासांचं: एडीत 'टाइम इन सर्व्हिस' म्हणतात तो चाकं जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचा. टॅको इंजिनच्या फेऱ्यांवरून तास दाखवतो आणि बदलला की शून्यापासून सुरू. बदलल्याच्या दिवशी जुन्याचा शेवटचा आकडा लिहिलेला आहे का ते शोधा. नसेल तर उड्डाणांच्या नोंदींवरून बेरीज करा आणि बेरीज कशी केली ते कागदावर लिहून कॅमोला द्या. शंका असेल तिथे जास्तीचे तास धरा, कमीचे नको.

एसआयडी म्हणजे एडी नव्हे. ती उत्पादकाच्या मेंटेनन्स मॅन्युअलमधून येते, म्हणून तिचा जाब तुमच्या मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅमला विचारायचा. वेगळा तक्ता करा, यात मिसळू नका. पण पन्नास वर्षांच्या विमानात गंज बघणारी तपासणी आहे ती, टाळू मात्र नका.

---

चेरोकीवाला

पाना काकांचं वाक्य न् वाक्य पटलं. माझ्याकडून एक भर, पायपर विमानांची.

२०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत डेटोना बीचला एका पायपर ॲरोचा पंख उड्डाणात तुटला, आतले दोघेही गेले. त्यानंतर पीए-२८ जातीच्या विमानांसाठी २०२०-२६-१६ ही एडी आली: पंखाच्या मुख्य स्पारच्या (आतल्या तुळईच्या) बोल्टांची भोकं एडी करंटने तपासायची. (इथे एडी शब्द दोनदा येतो, गोंधळू नका, दुसरा विजेच्या प्रवाहाने तडे शोधण्याचा.) कुणाला लागते ते ठरवायचं सूत्र मला चटका लावून गेलं. विमानाच्या आयुष्यात शंभर तासांच्या तपासण्या किती झाल्या ते मोजायचं, कारण त्या तपासण्या म्हणजे विमान शाळेत किंवा भाड्याने राबल्याची खूण. आणि रेकॉर्ड गहाळ किंवा अपुरं असेल तर? तर तपासणीतून सुटका नाही.

माझं एक जुनं लॉगबुक आधीच्या मालकाच्या घर बदलण्यात हरवलेलं. एका वहीपायी तज्ज्ञ माणूस यंत्र घेऊन बोलवावा लागला. भोकं स्वच्छ निघाली, देवाची कृपा. तुमच्याकडे पाचही लॉगबुकं आहेत ताई. आजच प्रत्येक पानाचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा.

---

गोदाकाठची

शनिवारी धुळ्याला जाऊन आले. पहाटे पाचला मामासोबत निघालो, एएमई सर तिथेच भेटले. सव्वीस पाट्यांचे फोटो काढले. दोन वाचता आल्या नाहीत, तसं लिहून ठेवलंय.

इग्निशन स्विच बेंडिक्सचाच आहे. सरांनी माझ्यासमोर चावीची तपासणी केली. चावी शेवटपर्यंत गेली आणि इंजिन बंद पडलं. काका, त्या क्षणी तुमचा तो पोऱ्या डोळ्यांसमोर आला. नोंद मी स्वतः लिहिली, एडी नंबर, पद्धत, तास, पुढची मुदत, आणि सरांनी सही केली. सीट रेलची ओळ तुम्ही म्हणालात तशीच निघाली, शीटमध्ये जुना ८७ चा नंबर. रुळावर तडे नाहीत, भोकं मापून आकडे लिहिले. एअर फिल्टर कागदाचा आहे, त्याची ८४-२६-०२, दर ५०० तासांनी बदलायचा. शेवटचा कधी बदलला त्याची नोंद सापडली नाही, म्हणून नवा मागवला.

आता मॅग्नेटो. दोन्ही बेंडिक्स, एस-२० मालिकेतले. डाव्याला इम्पल्स कपलिंग (इंजिन सुरू होताना ठिणगीला मदत करणारा भाग) आहे. घरी येऊन टेलिडाइन कॉन्टिनेंटलच्या नावाने शोधलं: ९६-१२-०७. इम्पल्स कपलिंगची दर ५०० तासांनी तपासणी. २००९ पासूनच्या उड्डाणांची बेरीज मी दोनदा केली, ६१२ तास आली. मधल्या सगळ्या वर्षांत मॅग्नेटो उघडल्याची एकही नोंद नाही.

मामा रविवारी डॉक्टरकाकांना घेऊन उडणार होता. मी सांगितलं तेव्हा तो आधी गप्प झाला. मग म्हणाला, "पण विमान तर मस्त चालतंय गं." मी त्याला एडीचा मजकूर मराठीत वाचून दाखवला: कपलिंगचा भाग झिजून तुटला तर तुकडे इंजिनात जाऊ शकतात, इंजिन बंद पडू शकतं. त्याने विमानाची चावी काढून माझ्या हातात दिली.

आता मला सांगा, कॅमोला हे कसं कळवू? मुदत उलटून गेल्यावरही विमान उडलंय, ते लिहायचं का?

---

जुना पाना

लिहायचं. जसं आहे तसं, आजच, मेलवर. २००९ ची नोंद, दोन्ही पाट्यांचे फोटो, तासांची बेरीज, आणि विमान कधीपासून उभं केलं ते. पुढे काय करायचं ते कॅमो ठरवेल, गरज पडली तर डीजीसीएच्या कार्यालयाशी तेच बोलतील. तुम्ही लपवलं नाही याचा कागद तुमच्याकडे राहायला हवा. शेडमध्ये विमानाच्या पंख्याला लाल पट्टी लावून 'उडवू नये' असा बोर्ड अडकवा. चावी तुमच्याकडे आहे ते उत्तम, पण डॉक्टरसाहेबांकडे दुसरी असेल तर तीही मागून घ्या.

मॅग्नेटो काढतील तेव्हा तिथे हजर राहा. कपलिंग रिव्हेटचं आहे की स्नॅप रिंगचं ते बघा, फोटो काढा, मापं लिहून घ्या. एडीचा मजकूर छापून हातात ठेवा आणि त्यातला प्रत्येक परिच्छेद लागतो का ते सरांसोबत वाचा. मॅग्नेटोचा सीरियल नंबर नव्या तक्त्यात स्वतंत्र ओळीत टाका, म्हणजे उद्या तो काढून दुसऱ्या विमानाला बसवला तरी त्याचा इतिहास त्याच्यासोबत जाईल.

---

धावपट्टी

माझ्या विमानाचा इग्निशन स्विच कुठल्या कंपनीचा आहे ते मला माहीत नाही, हे वाचताना लक्षात आलं. येत्या रविवारी मी उडवणार नाही, आधी बघून येतो. पाना काका, तुमच्या तक्त्याचे रकाने जसेच्या तसे वापरू का?

---

जुना पाना

वापरा की. त्यात एक रकाना वाढवा: 'पाटी कुणी, कधी वाचली'.

---

गोदाकाठची

कॅमोला मेल गेला. दुसरी चावी मिळाली. गुरुवारी सर मॅग्नेटो काढणार आहेत, मी बुधवारी रात्रीच मुक्कामाला धुळ्याला जातेय. ती न वाचता आलेली एक पाटी व्हॅक्युम पंपाची आहे, तिच्यासाठी मऊ ब्रश आणि आरसा सोबत घेतलाय.